घुल्यांचा एकच फॉर्म

घुले आमच्या ऑफिसात आले ते मुळी भांडतच. नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली स्टेशनरीचं दुकान, वर वेबसाइटी बनवणारे आम्ही पाच-सहा जण. मोटरसायकल लावण्यावरून त्यांचं दुकानदाराशी वाजलं होतं आणि ते भांडण जिना चढून वर येईपर्यंत चालू होतं. दारात थांबून त्यांनी खाली शेवटचं वाक्य फेकलं, "जागा तुमची असेल तर पाटी लावा, बोंबलायला माणूस कशाला ठेवता?" मग आत वळून एकदम सभ्य आवाजात म्हणाले, "नमस्कार. मी घुले. आजपासून तुमच्यात." पन्नाशीचा उंच माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर घाम. मालकांनी त्यांना पायथॉन या भाषेतल्या प्रोग्रामिंगची कामं बघायला कंत्राटावर घेतलं होतं.

माझं काम दुसऱ्यांच्या चुका काढण्याचं. म्हणजे पगार घेऊन. घरी फुकट काढते, असं नवऱ्याचं म्हणणं. ऑफिसात मला टेस्टर म्हणतात. प्रोग्रामरने पान बनवलं की मी ते उघडायचं, काहीतरी वेड्यासारखं टाइप करायचं, नको ते बटण दाबायचं आणि कुठे मोडतंय ते सांगायचं. त्यामुळे प्रोग्रामर मंडळी मला पाहून फारशी खुलत नाहीत. घुले पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, माझ्या कामात तुम्हाला काही सापडायचं नाही. उगीच तुमचा वेळ जाईल."

मी म्हटलं, "जाऊ दे की. वेळ कंपनीचा आहे."

सापडायचं, न सापडायला काय झालं! पण चूक घेऊन गेलं की घुल्यांचा एक ठरलेला क्रम असे. आधी म्हणायचे, "तुमच्या कॉम्प्युटरवर असेल." मग, "पुन्हा करून दाखवा." करून दाखवलं की, "पण असं कोण करतं?" आणि तासाभराने ती चूक गुपचूप दुरुस्त झालेली असे. विचारायला गेलं तर वर तोंड करून, "कुठली चूक? इथं तर काही नाही!" इतक्या दिवसांत त्या माणसाच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द कुणी ऐकले नव्हते. मालकांनी नाहीत, मी नाही, आणि त्यांच्या बायकोनेही नसावेत. वार्षिक जेवणाला त्या आल्या होत्या, तेव्हा मी हे सगळं सांगितलं, तर त्या नुसत्या हसल्या आणि मला आणखी एक जिलबी वाढायला लावली.

घुले पुण्याजवळच्या मांजरी गावचे. वडिलोपार्जित शेती, त्यातली बरीच आता बिल्डरकडे गेलेली, राहिलेल्यात ऊस. तोडणी आली की दोन दिवस रजा, आणि तिसऱ्या दिवशी हातावर पात्यांचे ओरखडे घेऊन हजर. बोलणं एरवी अगदी पुस्तकी, कारण कॉलेज इथलंच. पण डोकं तापलं की 'आहे'चं 'हाय' व्हायचं. आम्ही त्याला 'घुल्यांची मांजरी बाहेर आली' म्हणायचो. तेही म्हणायचे, "मॅडम, आज मांजरीला यायला लावू नका."

माणसाचं एकच वेड होतं. कुठलीही गोष्ट एकदाच लिहायची, एकाच जागी. त्यांच्याआधीच्या प्रोग्रामरने एका दवाखान्याची साइट केली होती आणि दवाखान्याचा फोन नंबर प्रत्येक पानावर वेगळा चिकटवून ठेवला होता. नंबर बदलला. गड्याने बाकी सगळीकडे बदलला आणि दोन पानं विसरला. पेशंट जुन्या नंबरावर फोन करत राहिले, तो लागायचा एका टायरवाल्याकडे. ते पाहून घुल्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. "अरे, कॉपी काय मारता? लिहा एका जागी, दिसू द्या सगळीकडे!" मग फळ्यापाशी उभे राहून त्यांनी आम्हाला समजावलं. साइटच्या सगळ्या पानांचा एक सामाईक साचा करायचा. पायथॉनमध्ये एक लहानसं फंक्शन लिहायचं आणि अ‍ॅपला बजावून ठेवायचं, की कुणीही कुठलंही पान मागितलं तरी ती एकदाच लिहिलेली गोष्ट, फोन नंबर म्हणा, त्या पानाच्या हाती आधी द्यायची. साच्यात तिची जागा एकदा दाखवली की झालं. पुढे पानं किती का वाढेनात.

"आमच्या घरी भाऊ वेगळे झाले," ते म्हणाले, "स्वयंपाकघरं तीन झाली. पण देवघर एकच ठेवलं. देवाची कॉपी काढली नाही आम्ही."

"आणि पूजा कोण करतं?" मी विचारलं.

"तिथंच भांडणं होतात," ते म्हणाले. इतका सरळपणा मात्र त्यांच्यात होता.

मग सदाशिव पेठेतल्या एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणारी संस्था. डबा पाठवणं, औषधं आणून देणं, डॉक्टरांकडे नेणं, हे सगळं टॅबलेटवरून मागवता यावं अशी साइट त्यांना हवी होती. प्रत्येक सभासदाच्या घरी संस्थेतर्फे एक टॅबलेट. संस्थेचे कार्यवाह बर्वे. बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं आणि तिखट. कामासाठी मात्र उन्हातान्हात सायकलवरून फिरणारे गृहस्थ.

घुल्यांनी ठरवलं की अडचणीत मदत मागायचा फॉर्म प्रत्येक पानावर वरच्या बाजूला हवा. नाव, फोन, निरोप, आणि खाली मोठं लाल बटण, 'मदत'. दाबलं की संस्थेत ड्युटीवर असेल त्याच्या फोनवर घंटी वाजणार. बर्वे बैठकीला आले, पानं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "घुले, डब्याच्या पानावर मदत, औषधांच्या पानावर मदत, सहलीच्या फोटोंवर मदत. संस्था बुडते आहे का आमची? एक वेगळं पान करा मदतीचं, लागेल तो जाईल तिथे."

"साहेब, पडलेला माणूस पान शोधत नाही."

"आमचे सभासद सुशिक्षित आहेत."

"सुशिक्षित माणूस पडत न्हाय का?" घुले म्हणाले, आणि मांजरी आल्याचं कळून आम्ही सगळे खाली बघायला लागलो. बर्व्यांनी पुन्हा एकदा पहिलं पान उघडून पाहिलं. मग म्हणाले, "ठेवा. पण लाल रंग जरा सौम्य करा. कसायाचं दुकान वाटतं." घुल्यांनी रंग सौम्य केला नाही. बर्व्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

साइट दाखवायला आम्ही संस्थेच्या हॉलमध्ये गेलो तेव्हा पहिल्या रांगेत साठेबाई होत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मुलगा कॅनडात, आणि तिसऱ्या मजल्यावर एकटीने राहायचं हे त्यांनी सगळ्यांशी भांडून मिळवलेलं. घुल्यांनी 'आजी' म्हणताच त्यांनी अडवलं. "आजी कुणाची? बाई म्हणा. आणि मला एक सांगा, हे बटण मी दाबलं आणि काहीच झालं नाही, तर?"

"तसं होणारच नाही, बाई."

"असं उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी अर्धा मार्क द्यायचे," बाई म्हणाल्या. हॉल हसला. घुलेही हसले, पण त्यांना ते लागलं असावं. परत येताना मोटरसायकलवरून मागे वळून मला म्हणाले, "अर्धा कशाबद्दल?"

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग दिवाळीच्या तोंडावर डब्याचं पान बदलायचं ठरलं. फराळाची मागणी घ्यायची होती. घुल्यांनी घाईघाईत डब्याचा नवा फॉर्म केला आणि सगळे सुटीच्या तयारीत म्हणून माझ्याकडे तपासायला न देता थेट साइटवर चढवला. लहानसं तर काम, तपासायचं काय त्यात, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळी झाल्यानंतरच्या आठवड्यात साठेबाई सकाळी न्हाणीघराच्या दारात पडल्या. मनगट मोडलं, कंबर धरली. कशाबशा सरपटत टेबलापर्यंत गेल्या. टॅबलेटवर आदल्या दिवशीचं डब्याचं पान उघडं होतं. त्यांनी वर लिहिलं, 'पडले आहे, उठता येत नाही', आणि बटण दाबलं. संस्थेत घंटी वाजली नाही. दुपारी डबा पोचवणाऱ्या काकू रोजच्यापेक्षा दोन डबे जास्त घेऊन आल्या. दार उघडेना म्हणून त्यांनी शेजारच्यांकडची किल्ली आणली, तेव्हा बाई सापडल्या. सकाळपासून तशाच जमिनीवर.

दोन डबे जास्त का, ते नंतर कळलं. बाईंचा निरोप डब्याच्या मागण्यांत पोचला होता, दोनदा. स्वयंपाकघरात फक्त डब्यांचा आकडा जातो, निरोप कुणी वाचत नाही. बर्वे आमच्याकडे येऊन म्हणाले, "बाईंनी गोंधळात डब्याच्या फॉर्ममध्ये लिहिलं. वय झालं. मुलाचा फोन आला होता, तो म्हणतो आता एकटं ठेवायचं नाही. तळेगावकडे एक वृद्धाश्रम बघितलाय, चांगला आहे." बोलताना त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

"बाई काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही म्हणत नाहीत. टॅबलेट मला परत केला. म्हणाल्या, मला आता जमत नाही."

घुले लगेच म्हणाले, "युजर चुकीच्या फॉर्ममध्ये लिहितो त्याला आपण काय करणार?" बर्वे गेले. घुले आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

मला मात्र राहवेना. गणिताच्या बाई, त्यांनी एकदा चूक केली असं समजू. दोनदा, तीच? मी डब्याचं पान उघडलं. वरच्या, मदतीच्या फॉर्ममध्ये नाव लिहिलं, फोन लिहिला, 'पडले आहे' लिहिलं आणि लाल बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, 'आपला डबा नोंदवला आहे. धन्यवाद.'

म्हणजे ती बाई मोडलेला हात घेऊन जमिनीवर पडली होती आणि समोर हे वाचत होती.

"घुले," मी हाक मारली. "इकडे या."

ते आले, वाचलं. मी वाट बघत होते, आता म्हणतील तुमच्या कॉम्प्युटरवर असेल. ते म्हणाले नाहीत. स्वतः खुर्ची ओढून बसले, तेच पुन्हा केलं. धन्यवाद. पुन्हा केलं. धन्यवाद. मग त्यांनी कोड उघडला आणि त्यांना ते दिसलं. मदतीचा फॉर्म प्रत्येक पानावर दिसत होता खरा, पण भरला की तो ज्या पानावर असेल त्याच पानाकडे परत जायचा, आणि तिथून मदतीकडे पाठवला जायचा. डब्याच्या नव्या फॉर्ममध्येही रकाने तेच, नाव, फोन, निरोप. बटणाचं आतलं नावही तेच. फॉर्म कुणाचा हे ओळखायला काही खूणच नव्हती. डब्याच्या पानाने तो आपलाच समजून ठेवून घेतला.

दुरुस्ती तासाभराचीही नव्हती. घुल्यांनी दोन्ही फॉर्मांच्या रकान्यांना, कुणाचे ते कळावं म्हणून, वेगवेगळी आडनावं लावली, आणि मदतीचा फॉर्म कुठल्याही पानावरून भरला तरी थेट मदतीच्याच पत्त्यावर जाईल असं केलं. मालकांना सांगितलं, तर मालक म्हणाले, "उत्तम. फिक्स झालं ना? मग बाहेर बोलायचं नाही. संस्था हातची जाईल, आणि कायद्याचं लफडं झालं तर मी कुठे जाऊ?" घुले म्हणाले, "बरं." मला त्या 'बरं'चा फार राग आला. मी डबा घेऊन एकटीच जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, साठेबाईंकडे जायचंय. तुम्ही येता? टेस्टर सोबत असलेला बरा."

"मालक?"

"मालकांना मी बरं म्हणालो. हो म्हणालो नाही."

बाईंच्या घरी पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. बाई खिडकीशी खुर्चीत, डाव्या मनगटाला प्लास्टर. बर्वे समोर वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक घेऊन. हॉलमध्ये हजरजबाबी बोलणारी ती बाई आम्हाला नुसतं "या, बसा" म्हणाली. घुले बसले नाहीत.

"बाई, ते बटण तुम्ही बरोबर दाबलं होतं."

"घुले, तो विषय आता..." बर्वे म्हणाले.

"विषय तोच हाय, साहेब. बाईंनी मदतीच्याच फॉर्ममध्ये लिहिलं, मदतीचंच बटण दाबलं. माझ्या प्रोग्रामनं त्याचा डबा केला. घाईत केलं, तपासायला दिलं न्हाय. चूक माझी हाय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मी दोनदा दाबलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा चष्मा नीट करून दाबलं. तरी तेच आलं, आपला डबा नोंदवला आहे. मी म्हटलं, साठे, संपलं तुझं."

"दोन्ही वेळा बरोबर दाबलं तुम्ही."

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"तुमचं ठीक हाय. माझं तपासायला पाहिजे."

बाई हसतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या. पदराने तोंड झाकून, खांदे हलेपर्यंत. मग डोळे पुसून कडक आवाजात म्हणाल्या, "इतके दिवस मी स्वतःला भ्रमिष्ट समजत होते, घुले. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"नाही कळत. तुमचं वय नाही ते." आणि बर्व्यांना म्हणाल्या, "मुलाला लावा फोन. ह्यांना बोलू दे."

कॅनडात तेव्हा रात्र होती, पण मुलाने उचलला. घुल्यांनी त्यालाही सगळं सांगितलं, काही न वगळता. तो चिडला, आणि त्याने चिडायलाच हवं होतं. "पुन्हा असं होणार नाही याची गॅरंटी काय?" त्याने विचारलं.

"गॅरंटी देत न्हाय. मागं हॉलमध्ये दिली होती. बाई स्वतः तपासतील, तुम्ही बघा."

बर्व्यांनी पिशवीतून टॅबलेट काढून बाईंसमोर ठेवला. घुल्यांनी त्या दिवसापुरती घंटी स्वतःच्या फोनवर घेतली होती. बाई एकेक पान उघडायच्या, लिहायच्या, दाबायच्या. घुल्यांच्या खिशात घंटी वाजायची. डबा, औषधं, डॉक्टर, सहलीचे फोटोसुद्धा. मी प्रत्येक पानाच्या नावापुढे खूण करत होते. मध्येच एकदा घंटीऐवजी मालकांचा फोन आला. बर्व्यांनी गॅलरीत जाऊन त्यांना झालेलं सगळं सांगितलं होतं, तसा नियमच आहे संस्थेचा. मालकांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. उद्यापासून यायची गरज नाही. घुले म्हणाले, "हो." आणि बाईंना म्हणाले, "पुढचं पान घ्या."

सगळी पानं होईपर्यंत मुलगा फोनवरच होता. मग म्हणाला, "आई, तू ठरव."

"ठरलंय माझं," बाई म्हणाल्या. "बर्वे, ते पत्रक दुसऱ्या कुणाला द्या. आणि घुले, त्या सुतळ्या सोडा. एका हाताने मला सुटत नाहीत."

बर्वे निघाले, त्यांच्यामागे मीही. ऑफिसला जायला हवं होतं. चपला घालताना आत पाहिलं. घुले जमिनीवर मांडी घालून बसले होते, पांढऱ्या शर्टाला पुस्तकांची धूळ लागलेली, आणि गठ्ठ्याची गाठ दाताने ओढत होते. तेवढ्यात त्यांच्या खिशात घंटी वाजली.

त्यांनी मान वर केली. दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बाई, मांडीवर टॅबलेट.

"बोला बाई. काय मदत पाहिजे?"

"काही नको. पोचतं का ते बघितलं."

"पोचलं," घुले म्हणाले, आणि पुढचा गठ्ठा ओढला.